राहेलआत्याचा मोर

चूक माझी होती. आणि ती माझी होती हे आत्या जिवंत असतानाच मला कळलं होतं. कळल्यावर ती आणखी चौदा महिने जगली, आणि त्या चौदा महिन्यांत मी तिच्या घरी कितीतरी वेळा जाऊन आलो. चहा प्यालो, टँकर आला की नाही याच्या गोष्टी केल्या, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली... आणि जे सांगायचं होतं ते न सांगता उठून आलो. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक बोळ आणि एक कडुलिंब, एवढंच अंतर. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लिहिणारा स्वतःलाही थोडं बरं करून घेतो. तसं माझ्या हातून होऊ नये.

जानेवारीतली सकाळ होती. आमची शाळा गावाबाहेर दीड मैलावर आहे. चौथीच्या वर्गाला मी अपूर्णांक शिकवत होतो. आत्याचा मुलगा दानीएल सायकलवरून आला आणि एक पाय शाळेच्या पायरीवर टेकवून तसाच थांबला. उतरला नाही. "शमूदादा, आई गेली," एवढंच म्हणाला. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि खडू माझ्या हातात होता. अशा वेळी माणसाला रडू यावं, निदान गेलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे यावा. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता ते सांगायचं राहूनच गेलं. दुःख त्याच्या मागून आलं. फार मागून नाही, पण मागूनच आलं.

राहेलआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहान वयात विधवा झाली, आणि दानीएलला कडेवर घेऊन नगरला गेली. तिथं मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात तिनं बारा-तेरा वर्षं स्वयंपाक केला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रार्थना आणि गीतं सगळी तोंडपाठ. गावी परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि त्या डब्यात होती ईस्टरची अंडी रंगवण्याची विद्या. कर्जतच्या बाजूला आमचं गाव, पाऊस बेताचा, ख्रिस्ती घरं बावीस. प्रभू येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, त्याची आठवण म्हणून ईस्टरला अंडी रंगवतात हे आम्ही ऐकून होतो. बंद कवचातून जिवंत पिलू बाहेर येतं, तशी कबर उघडली. पण आमच्याकडं ते करणारं कोणी नव्हतं. आत्यानं ते सुरू केलं आणि वीसेक वर्षं एकटीनं चालवलं.

तिची रीत अशी. थंडीपासूनच ती कांद्याची टरफलं एका पिशवीत साठवत जायची. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, झाला, की शनिवारी सकाळी ती टरफलं उकळून त्यांचं पाणी गार करायची. अंडी उकडून, पुसून, टोपलीत गव्हाच्या भुशावर ठेवलेली. चर्चमधल्या जळून उरलेल्या मेणबत्त्यांची बुडखी एका झाकणात निखाऱ्यांवर वितळवायची. आणि लेखणी म्हणजे बाभळीची वीतभर काडी, तिच्या टोकात उलटी खोचलेली टाचणी. टाचणीचं डोकं मेणात बुडवायचं, अंड्यावर टेकवायचं आणि ओढायचं. एक थेंब, त्याला निमुळतं शेपूट. तिला हा एवढा एकच फटकारा येत होता. पण त्याच थेंबानं ती जोंधळ्याचं कणीस भरायची, त्याच थेंबानं दिव्याची ज्योत, कोकराची लोकर, माशाचे खवले, काट्यांचा मुकुट. मग अंडं कांद्याच्या पाण्यात सोडायचं. तासाभरानं तांबूस-तपकिरी झालेलं अंडं बाहेर काढून, निखाऱ्याजवळ धरून फडक्यानं मेण पुसलं, की आतून पांढरं चित्र उमटायचं. त्या वेळी ती दर वेळी, अगदी दर वेळी, "बघ, आलं बाहीर," म्हणायची.

पण नुसतं चित्र काढणं हे तिचं काम नव्हतं. कोणत्या घरी कोणती खूण जायची हे ती ठरवायची, आणि त्यासाठी वर्षभर गावावर तिचं लक्ष असायचं. घरात नवं बाळ आलं असेल तर कोकरू. नवं लग्न झालं असेल तर दोन मासे. ज्याचं पीक बरं आलं त्याला कणीस, म्हणजे देणाऱ्याला विसरू नये. ज्या दोन घरांत भांडण असेल त्या दोन्ही घरी काट्यांचा मुकुट! ईस्टरच्या सकाळी लोक अंडं हातात घेऊन आधी खूण बघायचे. योहानदादा म्हणून आमच्याकडचे एक वयस्क पंच आहेत, भावाशी बांधावरून त्यांचं नेहमीचं वाकडं. त्यांना सलग तीन वर्षं मुकुट आला. चौथ्या वर्षी ते तिच्या दारात येऊन म्हणाले, "राहेल, औंदा तरी कोकरू दे की गं. नातू झालाय मला." आत्या म्हणाली, "नातू झालाय ते दिसतंय. भाऊ कुठं झालाय अजून?" त्या वर्षी दोघे भाऊ एका बाकावर येऊन बसले.

आणि मोर. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल, त्या घरी मोराचं अंडं जायचं. मोर फक्त त्याच घरी.

एके वर्षी तो माझ्या घरी आला. माझी धाकटी मुलगी आशा चार वर्षांची होऊन गोवरानं गेली. फेब्रुवारीत गेली. माझी पत्नी लीला दीड महिना कोणाशी धड बोलली नव्हती, रडलीही नव्हती. ईस्टरच्या उपासनेनंतर आत्या आमच्या घरी आली, लीलाची मूठ उघडून तिच्यात अंडं ठेवलं आणि शेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळानं लीलानं विचारलं, "मोर का, आत्या?" आत्या म्हणाली, "भादव्यात मोराची पिसं झडत्यात बघ. लांडोरीवानी बोडका हिंडतो. म्हनून तो मोर न्हाई व्हय? येतो की पुन्हा पिसारा. त्यो येनारच असतो." लीला तेव्हा रडली. मी दारात उभा होतो. दीड महिन्यात मला जे जमलं नव्हतं ते माझ्या निरक्षर आत्यानं एका उकडलेल्या अंड्यानं केलं, हे मी पाहिलं होतं... हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

लीलानं ते अंडं फोडलं नाही. कापसात गुंडाळून काचेच्या बरणीत ठेवलं. उकडलेलं अंडं न फुटता राहिलं तर आतून वाळून खडा होतं. हलवलं तर ते खुळखुळतं.

तीन वर्षांनी मी आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी झालो. त्या वर्षी ईस्टरला नगरहून वरिष्ठ पाहुणे आमच्या चर्चमध्ये येणार असं पत्र आलं. मी पत्र दोनदा वाचलं आणि चर्च कसं दिसलं पाहिजे, कोण काय बोललं पाहिजे, याच्या याद्या करायला लागलो. त्याच सुमारास शाळेत एक प्रसंग घडला. आमचे जोशी गुरुजी, सज्जन माणूस, माझ्याशी फार चांगले. त्यांना आमच्या वस्तीतल्या कोणाच्या तरी घरी जुनं मोराचं अंडं दिसलं होतं. मधल्या सुट्टीत ते कौतुकानं म्हणाले, "शमुवेलराव, तुमच्याकडेही मोर आहे तर! आमच्या सरस्वतीचं वाहन. छान, छान, शेवटी सगळं एकच." बाकीचे शिक्षक हसले. त्यात काही वाईट नव्हतं. पण मला ते लागलं. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं, आणि एवढं सोसून आम्ही जे वेगळेपण मिळवलं ते एका मोरानं पुसलं जातं आहे, असं काहीतरी मला त्या दिवशी वाटलं. आज ते लिहितानाही मोठं वाटतं. खरं कारण लहान होतं. नगरचे पाहुणे मोर बघून काय म्हणतील, याची मला भीती वाटली.

झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, यायच्या आधी एकदा उपासनेनंतर सभा झाली. मी उभा राहून बोललो, की ईस्टरच्या अंड्यांवर फक्त ख्रिस्ती खुणाच असाव्यात. कोकरू, क्रूस, मासा ठीक आहे, पण मोराला पवित्र शास्त्रात आधार नाही, तो हिंदू देवांचा पक्षी आहे, तरी तो यापुढे काढू नये. बायकांच्या बाजूला आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. सभेत ती कधी बोलत नसे. म्हणाली, "मला मोर जुन्या मिसबाईंनीच दाखवलाय, बोर्डिंगात. त्यांच्या पुस्तकात व्हता. कबरीवर काढत्यात म्हनल्या. त्यो पिसं टाकतो अन् नवी घेतो, म्हनून." बोर्डिंग चालवणाऱ्या त्या गोऱ्या मिसबाई मायदेशी जाऊन पंधरा वर्षं झाली होती, जिवंत होत्या की नाही तेही ठाऊक नव्हतं. आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "पिसं टाकतो म्हणून मोर काढायचा, तर मग आत्या, पुढच्या वर्षी नागोबा काढ. तोही कात टाकतो."

चर्च हसलं. योहानदादा तर मांडीवर थाप मारून हसले. पाळकसाहेबही हसले. हशा थांबल्यावर आत्या अजून उभीच होती. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही... फळ्यावर लिहिलेलं न समजलेलं मूल जसं बघतं, तसं. मग पदर सावरून खाली बसली. मी ठराव लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे.

घरी आल्यावर लीला ताट वाढता वाढता म्हणाली, "आपल्या घरात तो मोर आहे, आणि तुम्हाला नागोबा आठवला?" मी म्हणालो, "तत्त्वाचा प्रश्न आहे." दुसऱ्या दिवशी फळीवर बरणी नव्हती. तिनं ती आपल्या ट्रंकेत ठेवली होती. मी विचारलं नाही.

ईस्टरला पाहुणे आले. आत्यानं नेहमीसारखी टोपली भरून अंडी आणली. मी सगळ्यांच्या आधी पुढं होऊन बघितलं. सगळी अंडी तांबूस, गुळगुळीत, आणि एकावरही काही नव्हतं. कोकरू नाही, कणीस नाही, साधा क्रूसही नाही. बावीस घरांना सारखं. पाहुण्यांनी रंगाचं कौतुक केलं. मी तिला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "आत्या, बाकीच्या खुणा बंद केल्या नव्हत्या." ती म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय, शमू. कोनती खूण बराबर अन् कोनती चूक, मला काय कळनार? चुकाया नगं म्हनून ऱ्हाऊ दिलं." त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्या घरी काट्यांचा मुकुट आला असता तर भांडता तरी आलं असतं. पण ती मनापासून बोलत होती. तिच्या हाताला स्वतःवरच भरवसा राहिला नव्हता. त्या वर्षी गावात दोन घरांत माणसं गेली होती. त्यांनाही कोरंच अंडं मिळालं.

मग दुष्काळ आला. आमच्या भागातल्या वाचकांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, मी मंडळीच्या कामासाठी नगरला गेलो होतो. येताना केडगावला उतरलो. माझ्या वडिलांचे एक स्नेही, निवृत्त पाळक, तिथं राहतात. त्यांच्याकडं पुस्तकं पुष्कळ. ते चहा सांगायला आत गेले, आणि मी उगाच एक जाडजूड इंग्रजी पुस्तक चाळायला घेतलं. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांच्या रोममधल्या भुयारी कबरी, त्यांच्या भिंतींवरची चित्रं. पान उलटलं, आणि समोर मोर. दोन मोर, समोरासमोर, मधे एक पात्र. पुढच्या पानावर एकटा मोर, पिसारा पसरलेला. पिसाऱ्यातला एक एक डोळा म्हणजे एक थेंब आणि त्याला निमुळतं शेपूट...

पाळक आले तेव्हा मी त्यांना विचारलं, "हा इथं कसा?" ते म्हणाले, "मोर? अरे, ती तर पुनरुत्थानाची जुनी खूण. मोराचं मांस कुजत नाही अशी त्या लोकांची समजूत होती. शिवाय पिसं झडतात आणि दरसाल नवी येतात. म्हणून कबरीवर काढायचे. तुला माहीत नव्हतं?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "का रे, बरं वाटत नाही का?"

एस.टी.त बसलो तेव्हा ठरवलं होतं, की उतरल्या उतरल्या आत्याकडं जायचं. उतरलो तर वेशीजवळ टँकर उभा, आणि बायकांच्या रांगेत आत्या हंड्यावर बसलेली. एवढ्या लोकांत कसं सांगायचं, म्हणून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, अपमान चारचौघांत केला, तर कबुलीही चारचौघांतच द्यावी, सभा होईल तेव्हा सांगू. सभा झाली ती धान्यवाटपाची. तिथं मोराचं काय काढायचं? मग म्हटलं, ईस्टर जवळ आलाच आहे. अशी कारणं मला एकामागून एक मिळत गेली, आणि प्रत्येक कारण त्या त्या दिवशी खरं वाटत होतं. लीलालाही मी सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र मी तेव्हाही जाणून होतो. आत्या खरी होती असं म्हटलं, की त्याच वाक्यात, शिकलेला शमुवेल मास्तर न वाचता बोलला, असंही म्हणावं लागणार होतं. ते मला जड जात होतं.

त्या ईस्टरला गावात अंडी नव्हती. माणसांना दाणा नाही तिथं कोंबड्यांना कोण घालणार? लोकांनी कोंबड्या केव्हाच काढून टाकल्या होत्या. शनिवारी सकाळी मी आत्याच्या दारावरून चाललो होतो. ती उंबऱ्यात बसली होती, रिकाम्या हातांनी. म्हणाली, "चार घरं हायती औंदा, शमू."

मला समजलं. त्या वर्षी चार घरांत माणसं गेली होती. चार मोर. ती मागत काही नव्हती, तक्रारही करत नव्हती, फक्त मोजत होती. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं, आत्या, काढ. नगरला अंडी मिळत होती. सकाळच्या गाडीनं गेलो असतो तर दुपारी चार अंडी घेऊन परत आलो असतो. मी म्हणालो, "हो ना. दिवसच वाईट आलेत." आणि पुढं गेलो.

पाऊस त्या वर्षी बरा झाला. दिवाळीच्या आधी आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलता येणार नाही, पण ऐकू सगळं येतं, समजतं सगळं. त्यांचं हे वाक्य मी दोनदा विचारून घेतलं. मग एका दुपारी, कडुलिंबाखाली उभं राहून, काय बोलायचं ते मनात नीट लावून, मी आत गेलो. दानीएलची बायको सरू तिला पेज भरवत होती. मी उशाशी बसलो. आत्यानं डोळे माझ्याकडं वळवले. तिचा डावा हात गोधडीवर होता, आणि त्या हाताचं एक बोट हलत होतं. टेकायचं, ओढायचं. टेकायचं, ओढायचं. सरू म्हणाली, "दिसभर आसंच चालतंय बगा, भाऊजी. काय मागत्यात कळंना. पानी दिलं, न्हाई. पांगरून दिलं, न्हाई." मला कळत होतं. घरात मला एकट्यालाच ते कळत होतं, आणि मी गोधडीवरच्या त्या बोटाकडं बघत राहिलो. शब्द गळ्यापर्यंत आले होते, हे मी खोटं सांगत नाही. पण सरू होती, पेज गार होत होती, आणि मी म्हणालो, "टँकर बंद झाला आत्या. विहिरींना पाणी आलंय." ती बघत राहिली. बोट थांबलं. निघताना मी दारातून "येतो" म्हणालो, तेव्हा तिच्या घशातून एक आवाज आला. तो काय होता ते आता मला कोण सांगणार?

त्यानंतर ती अडीच महिने होती. मी जात राहिलो.

तिला माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी लीलाला सगळं सांगितलं. केडगावचं पुस्तक, दोन मोर, कबरी, सगळं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मला कशाला सांगता? मला कुठं पुस्तक लागलं होतं?" मग म्हणाली, "मोराचं अंडं या ईस्टरला त्यांच्याच घरी जायला पाहिजे. कोण काढणार?"

कोणीच नव्हतं. ज्या बाईनं वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी मोर पोचवला, तिच्या घरी पोचवणारं कोणी तिनं तयार केलं नव्हतं. किंवा केलंही असतं, मी तिचा हात थांबवला नसता तर. सरूनं तो बिस्किटांचा डबा काढून दिला. आत मेणाची बुडखी, मळकं फडकं, आणि बाभळीची काडी. टाचणी गंजली होती. लीलानं ती बदलू दिली नाही, राखेनं घासून दिली. आता पुन्हा कोंबड्या झाल्या आहेत गावात. उत्तम शुक्रवारनंतरच्या शनिवारी मी सकाळी बसलो तो दुपारपर्यंत. लीलानं आत्याला काढताना पाहिलं होतं, ती शेजारी बसून सांगत होती. "दाबू नका. टेकवा आणि ओढा." माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मी वर सांगितलं, त्याचा इथं काही उपयोग झाला नाही. मेण टाचणीवरच गोठायचं, नाहीतर डाग पडायचा. अकरा अंडी वाया गेली. बाराव्याला काहीतरी दिसायला लागलं. निखाऱ्याजवळ धरून मेण पुसताना तिचं ते वाक्य म्हणायला कोणी नव्हतं. लीलानं ट्रंकेतून बरणी आणून शेजारी ठेवली. तिच्यातला मोर आणि माझा मोर... जाऊ दे.

ईस्टरची पहिली उपासना आमच्याकडं उजाडताना कबरस्तानात होते. गीत संपल्यावर पाळकसाहेबांनी, कोणाला साक्ष द्यायची आहे का, म्हणून विचारलं. हे पाळकसाहेब नवे, गेल्या वर्षी आलेले. मी उभा राहिलो. मला वाटलं होतं नीट बोलेन, रोज वर्गात बोलतो. पण "राहेलआत्यानं मोराबद्दल सांगितलं होतं ते खरं होतं, मी तेव्हा चुकीचं बोललो," एवढंच बाहेर आलं आणि पुढं सुचेना. नव्या पाळकसाहेबांना कसला मोर तेच कळलं नाही. ते मान हलवून, "प्रभूची स्तुती असो," म्हणाले. बायकांतून कोणीतरी हुंदका दिला. मग मागून योहानदादा हळूच बोलले, "मी बी हसलो हुतो, मास्तर." आणि थोडं थांबून, "पर आता काय उपेग?" खरंच होतं ते. तिची कबर चार पावलांवर होती, माती अजून बसली नव्हती. तिथं जाऊन उभं राहणं मला जमलं नाही.

तिथून आम्ही दोघं दानीएलच्या घरी गेलो. मी अंडं सरूच्या हातात दिलं. तिनं ते उजेडाकडं धरून बघितलं, उलटं करून बघितलं, आणि म्हणाली, "ह्यो मोर हाय व्हय भाऊजी? मला वाटलं कोंबडी." दानीएल हसला. लीलाही हसली, किती दिवसांनी. मग सरूच सावरून म्हणाली, "आसूद्या. कोंबडी बी शास्त्रात हायेच की, पंखाखाली पिलं घेनारी. आत्याबाईंना चाललं आसतं." तिनं ते अंडं आत्याच्या खाटेच्या वरच्या कोनाड्यात, त्या बिस्किटांच्या डब्याला टेकवून ठेवलं. खाट उभी करून भिंतीला लावली होती. सगळे चहाला आत गेले. मी तिथंच राहिलो.

मेण नीट पुसलं गेलं नव्हतं. पिसाऱ्याचा एक डोळा अर्धा झाकलेला होता. मी अंगठ्यानं तो हलकेच घासला आणि एवढ्या दिवसांत जे बोलायचं होतं ते मोठ्यानं बोललो, आतल्यांना ऐकू गेलं तरी जावं म्हणून.

"आत्या, मोर खरा होता. मिसबाईंनी तुला दाखवला होता, तेही खरं होतं. मी लोकांना तुझ्यावर हसवलं, ते वाईट केलं. खरं कळलं तेव्हा गप्प बसलो, ते त्याहून वाईट केलं. तू गोधडीवर काय काढत होतीस ते मला दिसत होतं. तुझी चार घरं मोरावाचून राहिली, ती माझ्यामुळं. मला क्षमा कर."